सरणाखालचं पीठ

पहिल्यांदा हात जोडले ते एका सायकलवाल्यानं. समोरून येत होता, हँडलला दुधाची किटली लटकलेली. आमचा ट्रक दिसताच तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला झाला, डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि ट्रक पुढं जाईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

"लागू पडलं, म्याडम," स्टिअरिंगवरचा एक हात उचलून बंदेनवाज म्हणाला.

मला हसू आवरेना. आमच्या ट्रकमध्ये ज्वारीचं पीठ होतं, तूरडाळ होती, तेल-मीठ होतं, आणि ते सगळं जळाऊ लाकडांच्या एका थराखाली लपवलेलं होतं. त्या भल्या माणसाला फक्त लाकडं दिसली. आम्हाला तेच हवं होतं.

भूकंपाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं गणपती बोळवून झोपली होती, ती पहाटे दगडमातीखाली गेली. वर पाऊस. मी सोलापूरच्या एका संस्थेत होते. माझं काम असं की आधी गावात जायचं, कुणाकडे काय उरलंय, काय लागतंय ते बघायचं, आणि मग ते घेऊन परत जायचं. पायाला भिंगरी आणि जिभेला धार, असं संस्थेत माझ्याबद्दल म्हणत. माझ्या तोंडावरही म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण माझी कामं होत.

शेवरीवाडी मी दोन दिवस आधी पाहून आले होते. डांबरी रस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडं, मूठभर घरांचं गाव. पत्र्याची आणि कुडाची घरं, म्हणून माणसं थोडीच गेली होती, आणि माणसं थोडी गेली म्हणून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. कॅमेरेवाले नाहीत, पुढारी नाहीत, मदत नाही. धान्याच्या कणग्या चिखलात. मी त्या गावाला शब्द देऊन आले, आणि माझ्या शब्दावर निघालेला पहिला टेम्पो फाट्यावरच अडवून लोकांनी रिकामा केला. अडवणारे निम्मे खरोखर उपाशी होते, निम्मे फुकट मिळतंय म्हणून आलेले. कोण कुठला, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

लाकडांची युक्ती बंदेनवाजची. सोलापूरच्या गोदामात पोती चढवताना तो म्हणाला होता, "पीठ बघितलं की लोक आडवे येतात. लाकडाला कोण आडवा येणार? तिकडं निघालेला दर दुसरा ट्रक लाकडाचाच असतोय."

मला ते इतकं पटलं की मी त्यात भर घातली. अर्धवट काम मला खपत नाही. मयताचं सामान विकणाऱ्या दुकानातून तिरडीचे दोन कळक आणले, एक मडकं आणलं आणि ते लाकडांच्या अगदी वर, लांबून दिसेल असं बांधून ठेवलं. शिवाय माझा आणखी एक हिशेब होता. शेवरीवाडीत सरपण नव्हतं. पावसानं गवऱ्यांचा लगदा झाला होता, घरांच्या ओढून काढलेल्या वाशांवर त्यांनी आपली माणसं जाळली होती. म्हणजे पोचलं की वरचं चुलीत, खालचं परातीत. स्वतःवर इतकी खूश मी त्यानंतर फारशी कधी झाले नाही.

पुढच्या वळणावर एक म्हातारी हात करत आली. बंदेनवाजनं गाडी हळू केली. तिच्या हातात एक गवरी होती, कुठं कोरडी राखली होती कोण जाणे. "आमची बी येक घ्या, बाबा," म्हणाली आणि टाचा उंचावून ती गवरी लाकडांवर ठेवायला बघू लागली. हात पोचेना. शेवटी मी उतरून चढवली. मग पुढच्या गावातही तसंच झालं. कुणी गवरी दिली, कुणी मूठभर चुरमुरे टाकले, एका दुकानदारानं हळूच झेंडूची माळ अडकवली. माझं हसू कमी कमी होत गेलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

फाट्यावर आठ-दहा पोरं रस्त्यात आडवी उभी होती, टेम्पो अडवला होता त्याच जागी. एकानं चाकावर पाय दिला, वर चढला आणि लाकडांना हात घालणार तोच त्याचं लक्ष मडक्याकडं गेलं. तो तसाच खाली उतरला.

"जाऊ द्या रे," म्हणाला. "मयताचं हाय."

रस्ता मोकळा झाला. फाट्याच्या चिंचेखाली सोजरबाई थांबली होती. ट्रक जाईल अशी आतली वाट तिलाच ठाऊक, म्हणून ती चालत तिथवर आली होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्याकडं सेंट्रिंगच्या कामाला, अजून परतला नव्हता. घरात ती, सून लता आणि चार वर्षांचा नातू किस्ना. मागच्या खेपेला सगळं गाव माझ्याशी एकदम बोलत असताना हिनं सगळ्यांना गप्प करून कुणाकडं काय आहे ते सरळ सांगितलं होतं. मला ती तिथंच आवडली.

"आलाव का?" कॅबिनमध्ये चढत ती म्हणाली. "मला वाटलं आज बी न्हाई येत."

"किस्ना कसाय?"

"तापलाय. बिस्कुट टिकंना पोटात. काल भाकर दे, भाकर दे म्हनलालता, आज ते बी म्हनंना. डोळाच उघडंना लेकरू."

"गोळ्या आणल्यात मी. आणि आज भाकरीही मिळेल."

तिनं मान डोलावली. मग मागं वळून काचेतून वर बघितलं. "टरकावर लाकडं कामून?"

मी तिला सगळं रंगवून सांगितलं. बंदेनवाजची युक्ती, माझं मडकं, चाकावर चढून परत उतरलेलं पोरगं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "आसं व्हय," आणि पुढं बघत बसली.

आतल्या रस्त्यावर एक मोठं गाव लागतं. लागत होतं, म्हणायला हवं, कारण तिथं गाव असं काही राहिलंच नव्हतं. दगडांचे ढीग, त्यावर काम करणारे जवान, आणि त्यांच्याभोवती बघ्यांची ही गर्दी. लांबलांबून जीपा करून माणसं भूकंप बघायला आली होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी वाटपाच्या रांगेत घुसून ब्लँकेट पटकावत होतं. मला तिथून लवकर सुटायचं होतं. बंदेनवाजनं हॉर्न दिला, माणसं बाजूला झाली, आणि रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा तसाच उभा राहिला.

तो हलला नाही म्हणून ट्रक थांबला. अंगात बंडी, धोतर मातीनं भरलेलं. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "माय, चार लाकडं द्या."

मी काचेतून मागं लाकडांकडं बघितलं.

"घरची आज घावली," तो म्हणाला. "आधी घावली असती तर समद्यांसंगट झालं असतं तिचं. आज येकटीच निघाली ढिगातनं. हितली लाकडं वली हायती, पेट घेईनात. मिलिटरीवाले म्हंतेत खड्डा करून पुरा. आमच्यात न्हाई पुरत. चार द्या, माय, जास्ती नकू."

लिंबाखाली कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी एकदाच बघितलं.

तोवर बघ्यांपैकी दोघंतिघं ट्रकभोवती आले होते. त्यांना काही करायला मिळालं होतं. "अरे काढा लाकडं, आजोबांना मदत करा," म्हणत एक तरुण टायरवर चढलाही. वर लाकडाचा एकच थर होता. दोन ओंडके उचलले असते की पोती दिसली असती, आणि पोती दिसली असती तर त्या गर्दीत ती किती वेळ टिकली असती हे मला माहीत होतं. टेम्पो रिकामा होताना मी पाहिला होता. नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं, आणि हो म्हणायचं तर शेवरीवाडीला काय सांगायचं?

सोजरबाई माझ्या अंगावरून दार ढकलून खाली उतरली.

"मामा," ती म्हणाली, "ही लाकडं आमच्या मानसांची हायती. आमच्या गावात बी वाट बघलालेत."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. तिनं नजर खाली घेतली नाही.

"तुमची बी ऱ्हायली व्हय जाळायची?" त्यानं विचारलं.

"ऱ्हायली."

"मग जावा, माय. तुमची बी मानसंच हायती." आणि तो टायरवरच्या पोराला म्हणाला, "उतर रं. त्यांच्या मयताची लाकडं हायती, हात लावू नकू." पोरगा उतरला. म्हातारा लिंबाकडं चालू लागला.

ट्रक गावाबाहेर पडला तेव्हा बंदेनवाज म्हणाला, "बाईनं निभावलं."

"शाबास, सोजरबाई," मी म्हटलं. मला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं.

"पानी हाय का?" तिनं विचारलं. मी बाटली दिली. तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढून चूळ भरली, परत भरली, सगळी बाटली संपेपर्यंत भरत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

शेवरीवाडीत ट्रक शिरला तेव्हा लोक आरडाओरडा करत धावले नाहीत. उठून उभे राहिले फक्त. एकदा टेम्पोची वाट बघून झाली होती, त्यांचा विश्वास बसत नव्हता. बाप्यांनी लाकडं उतरवून एका बाजूला रचली आणि खालची पोती दिसली, तेव्हा कुठं बायकांमध्ये हालचाल झाली. परात आली, कुणी ओढ्याचं पाणी गाळून आणलं, तीन दगड मांडून चुली झाल्या. पीठ मळण्याचा थपथप आवाज सुरू झाला. मी इकडून तिकडं फिरत होते, हे इथं ठेवा, ते तिथं नको. त्या दिवसांत मला बसवतच नसे.

मधेच सोजरबाईच्या गोणपाटाच्या पालात डोकावले. किस्ना लताच्या मांडीवर पडला होता, ओठ सुकलेले. मी गोळी पाण्यात चुरून दिली. त्यानं गिळली की ओघळली ते कळलं नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असं तापलेलं. लता म्हणाली, "बाई, ह्यो आता माय बी म्हनंना." मी तिला सुचेल ते धीराचं बोलले आणि बाहेर आले, कारण माझा स्वतःचाच धीर सुटत होता.

बाहेर एक बाई लाकडांच्या रासेकडं गेली होती आणि कुऱ्हाड मागत होती.

"हात लावू नगंस त्याला," सोजरबाई म्हणाली.

सगळ्याजणी थांबल्या. मला वाटलं ती आणखी कुठल्या कामासाठी राखून ठेवतेय. मी म्हटलं, "सोजरबाई, चुलीसाठीच आणलीत ती."

तिनं माझा दंड धरला आणि मला ट्रकच्या मागं नेलं.

"बाई, आमच्या गावात जेवढी गेली त्यांचं समद्यांचं झालं. आता कुनाचं ऱ्हायलंय, सांगा मला."

"कुणाचंच नाही."

"मग मी त्या मामाला कुनाची लाकडं म्हून सांगितलं?"

मला समजेना. "अहो, पोती वाचवायला सांगितलंत. बरं केलंत."

"त्याची बायकू कांबळ्यात पडलीया. त्याच्या म्होरं, भर रस्त्यात, मी म्हनले आमच्या मानसाची लाकडं हायती, जाळायचं ऱ्हायलंय." तिचा आवाज बसला होता. "तोंडातनं गेलं ते गेलं. आता गावात पडून हाय त्यो कोन? येकच हाय. माझ्या पालात."

आता मला कळलं, आणि कळल्याबरोबर माझा पारा चढला. मी म्हटलं, किस्नाला ताप आलाय तो पावसात भिजल्यानं. तुमच्या बोलण्यानं कुणाला काही होत नाही. असलं काही मनात आणू नका, मी गोळ्या दिल्यात.

"द्या की गोळ्या. मी कुठं नकू म्हनलालेय?" ती म्हणाली. "पर ती लाकडं चुलीत जायची न्हाईत. त्याच्यावरली भाकर मी किस्नाला घालनार न्हाई, अन् दुसऱ्याच्या लेकराला तर मुळीच न्हाई."

"मग काय कच्चं पीठ खाणार का सगळे?" मी ओरडलेच.

ट्रकमागं बोललेलं ट्रकपुढं ऐकू गेलं होतं. परातीतले हात थांबले होते. कुऱ्हाड मागणाऱ्या बाईनं आपले हात लुगड्याला पुसले. एका म्हातारीनं रासेवरच्या मडक्याकडं बोट करून विचारलं, "ह्ये कुनी ठिवलं?"

"मी," मी म्हटलं.

मला तिथून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. मूल तापानं फणफणतंय, पीठ मळून तयार आहे, कोरडं लाकूड हाताशी आहे, आणि चूल पेटत नाही. मी बंदेनवाजकडं बघितलं. निदान हा तरी माझ्या बाजूनं बोलेल.

तो बोललाही. "मावशी, बाभूळ हाय हे, वखारीतलं. मी माझ्या हातानं चढवलंय."

"तुमी चढवलाव तवा बाभूळ हुती, दादा," सोजरबाई म्हणाली. "वाटंत लोकांनी गवऱ्या दिल्या त्या काय चुलीसाठी दिल्या?"

बंदेनवाज रासेकडं बघत राहिला. झेंडूची माळ अजून एका ओंडक्याला लटकत होती. "न्हाई," तो म्हणाला. "ते बी खरंच हाय." मग त्यानं कुणाकडून तरी कुऱ्हाड घेतली आणि ट्रकच्या मागं जाऊन फाळक्याच्या खिट्या काढायला लागला. ट्रकचा मागचा तो लाकडी पल्ला, चांगला जाड, कोरडा ठणठणीत.

"अहो, मालक काय म्हणेल?" मी विचारलं.

"शिव्या घालील. त्याला चांगल्या येतात."

फाळका तुटला, मग आतल्या बाजूच्या काही फळ्या निघाल्या. चुली पेटल्या. पहिल्या भाकरीचा वास आला तेव्हा एक पोरगी रडायलाच लागली. लतानं पहिली भाकर सासूपुढं धरली.

"लेकराला घाल आधी," सोजरबाई म्हणाली. "दुधात भिजवल्यासारखी पान्यात कुस्कर, अन् बोटानं चाटव." मग ती माझ्याकडं वळली. "मी त्या मामाकडं जालालेय. लाकडं त्याची हायती."

"आत्ता? दिवस कलतोय. ओढ्याला पाणी चढतंय."

"तुमी नका येऊ. टरक तेवढा द्या."

असल्या गोष्टींची मला चीड होती आणि अजूनही आहे. पण तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही, आणि तिथं बसून किस्नाचा श्वास मोजणं तर त्याहून जमलं नसतं. लाकडं परत चढली. फाळक्याच्या जागी दोर आवळला. मी चरफडत कॅबिनमध्ये बसले.

परतीचा तो रस्ता मला संपता संपेना. सोजरबाई पुढं वाकून बसली होती. म्हाताऱ्यानं बायकोला पुरलं असेल तर काय, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. पुरलं असेल तर ही लाकडं कुणाला द्यायची? मग ही बाई तोंडातून गेलेलं मागं कसं घेणार? एका खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा मी बंदेनवाजवर खेकसले. तो म्हणाला, "खड्डा मी न्हाई पाडला, म्याडम." कुणी हसलं नाही.

मोठ्या गावात पोचलो तेव्हा बघे पांगले होते. लिंबाखाली खड्डा खणून झाला होता. म्हातारा खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून बसला होता. त्याला उठवल्याशिवाय तिला खाली ठेवता येत नव्हतं, आणि तो उठत नव्हता. शेजारी एक तरुण जवान फावडं टेकून उभा होता. "कब से ऐसे ही बैठे हैं," तो मला म्हणाला. त्याला त्या म्हाताऱ्याला हात धरून उठवण्याचं धाडस होत नव्हतं, हे दिसत होतं.

म्हाताऱ्यानं ट्रक ओळखला.

"उरली व्हय, माय?" त्यानं विचारलं. "तुमच्या मानसांचं झालं नीट?"

सोजरबाई त्याच्यासमोर उभी राहिली. हो म्हणावं, झालं, उरली ती तुम्हाला आणली, इतकं साधं होतं. मी तिच्या वतीनं म्हणणारही होते.

"कोन हुतं तुमचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुनी न्हवतं, मामा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. लाकडाखाली पिठाची पोती हुती. लाकडं काढली असती तर लोकांनी पोती न्हेली असती. गावात लेकरं उपाशी हुती, म्हून तुमाला खोटं सांगितलं."

म्हातारा आता काय बोलेल ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अख्खी दुपार तो बायकोला घेऊन इथं बसला होता, आमच्यामुळं.

"म्हंजी तुमच्यात कुनी जाळायचं न्हवतं?"

"न्हाई."

"कुनीच मेलं न्हाई आज?"

"न्हाई, मामा."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग लई बरं झालं, माय," तो म्हणाला. "मी दुपारधरनं तेच म्हनलालतो हिला. म्हनलं, बाईमानूस सोताच टरकावर बसून लाकडं न्हेलालीया, घरात गडी बी उरला नसंल बिचारीच्या. खोटं हुतं तर लई बरं झालं."

सोजरबाई खाली बसली, चिखलातच, आणि रडायला लागली. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता तिनं त्याला सगळं सांगितलं. नातू तापलाय, डोळा उघडत नाही, आपल्या तोंडातून भलतंच गेलं. मामा, तुमच्या मयताच्या म्होरं गेलं.

म्हाताऱ्यानं पाय खड्ड्यातून वर घेतले. जवानानं हात दिला, तो धरून उठला. लिंबाखाली जाऊन त्यानं बायकोच्या कानाजवळचं कांबळं थोडं बाजूला सारलं आणि वाकला. आवाज त्यानं मुद्दाम चढवला होता, म्हातारीला बहुतेक कमी ऐकू येत असावं.

"ऐकलीस का गं? ही बाई लाकडं घिऊन आलीया तुला. हिच्या नातवाला ताप हाय. तू वर जालालीस, तर तितं सांग, त्या पोराला न्यायचं न्हाई म्हनावं. काय नाव, माय, त्याचं?"

"किस्ना."

"किस्ना. शेवरीवाडीचा. ध्येनात ठिव, इसरू नगंस."

बायकोला बाजाराला पाठवताना एक जिन्नस दोनदा बजावून सांगावा तसं त्यानं सांगितलं. आणि मला, इतक्या शहाण्या बाईला, वाटून गेलं की म्हातारे, खरंच विसरू नकोस.

मग बंदेनवाजनं आणि जवानानं लाकडं रचली. गवऱ्या, कळक, मडकं, सगळं लागलं. सुकी बाभूळ, लगेच धरली. ज्वाळा नीट वर गेल्या तेव्हा म्हाताऱ्यानं आम्हाला हातानंच खूण केली, जावा आता, तुमचं लेकरू हाय.

ओढा ओलांडताना पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं होतं. शेवरीवाडीत चुली विझत आल्या होत्या. ट्रकचा उजेड पडल्याबरोबर लता पालातून धावत बाहेर आली.

"आत्या, त्याला घाम आलाय," ती म्हणाली. "लई घाम आला. उठून बसला. अर्धी भाकर खाल्ला अन् झोपला."

ताप गोळीनं उतरला, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आज इतक्या वर्षांनीही माहीत आहे. कुणी विचारलं तर मी तसंच सांगते.

सोजरबाई पालात गेली नाही. ती चुलीपाशी गेली, तिथंच मांडी घालून बसली आणि तिनं सुनेपुढं हात पसरला.

"उरल्याली अर्धी कुठं हाय?" ती म्हणाली. "आन हिकडं."